चेक ऑपरेटर

समजा, तुमच्यासमोर टेबलावर गिटारचा एक जुना व्हॉल्व्हवाला अँप ठेवला आहे. लाकडी पेटी, वर चामड्याची मूठ, समोर जाळीचं कापड. बटण दाबलं की मागच्या काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस होतात आणि अर्ध्या मिनिटानं आवाज येतो. तक्रार एवढीच आहे की वाजता वाजता आवाज उतरतो. बंद पडत नाही, खरखरत नाही, फाटत नाही. शेजारच्या खोलीत गाणं चालू असावं आणि मधलं दार कुणीतरी हलकेच लोटावं, तसा उतरतो. थोड्या वेळानं आपणच पुन्हा चढतो.

तुम्ही काय कराल? गिटार बदलून पाहाल, वायर बदलाल. बटणं फिरवून कुठे धूळ बसली आहे का ते बघाल. मग पेटी उघडाल आणि तीनशे व्होल्टपासून बोटं सांभाळत एकेका जागी मीटर लावाल. सगळे आकडे बरोबर येतील. तुम्ही तासभर बसून राहाल आणि त्या तासात आवाज एकदाही उतरणार नाही. मग तुम्हाला वाटेल, पेटी चांगली आहे, वाजवणाऱ्यालाच भास होतोय.

भिलाईत हुडको वसाहतीत राहणाऱ्या शामराव गभणे यांना हेच वाटलं होतं. एकदा नाही, तीनदा. आणि तिन्ही वेळा त्यांनी ते लिहून दिलं होतं.

शामराव मूळचे तुमसरकडचे. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, बदल्या होत होत दुर्गला येऊन टेकले. शामराव आयटीआय करून भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये लागले ते इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये, आणि छत्तीस वर्षांनी तिथूनच रिटायर झाले. भट्टीचं तापमान, गॅसचा दाब दाखवणारी यंत्रं बिघडली की या शॉपमध्ये यायची. बाहेर मे महिन्यात रेलिंगला हात लावला तर चटका बसायचा, पण शॉपमध्ये एसी होता. तो नाजूक यंत्रांसाठी होता. माणसांना त्याचा फायदा फुकटात मिळायचा आणि त्याबद्दल बाकीच्या डिपार्टमेंटचे लोक त्यांना 'थंडे बाबू' म्हणायचे.

शॉपची कामाची पद्धत ठरलेली होती. यंत्र आलं की झाकण काढायचं, साफ करायचं, थंड होऊ द्यायचं. टेबलावर मांडून तक्त्याप्रमाणे रीडिंग घ्यायचं. आकडे जुळले की आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवायची. तारीख, रीडिंग, 'ओके' आणि सही. तेच यंत्र तीच तक्रार घेऊन तिसऱ्यांदा आलं आणि तिसऱ्यांदाही ओके निघालं, तर चिठ्ठीवर आणखी दोन शब्द लिहायचा रिवाज होता: 'चेक ऑपरेटर'. म्हणजे मशीन नको, मशीन चालवणारा तपासा. प्लांटमध्ये या दोन शब्दांना लोक शिवी समजायचे. शॉपमध्ये मात्र ज्या दिवशी कुणाला ते लिहायला मिळायचं, त्या दिवशी चहा व्हायचा.

ही सवय शामरावांनी घरी आणली. कूलर, मिक्सर, इस्त्री, सगळ्यांच्या पोटात एकेक चिठ्ठी. त्यांची बायको अन्नपूर्णा म्हणायची, "माह्या पाठीवर पण लावून द्या एक. ओके म्हून. गुडघा दुखला त चेक ऑपरेटर."

विजयकुमार चौरे हा त्यांचा जिवाभावाचा मित्र. दोघं एकाच वर्षी प्लांटमध्ये लागलेले, सुरुवातीला प्लांटच्या क्वार्टरमध्ये एका भिंतीचे शेजारी. विजयकुमार प्लांटच्या मिलमध्ये होता. तिथे तापलेलं लोखंड कापलं जाताना जो आवाज व्हायचा, तो नव्या माणसाला छातीत लागायचा. आठ तास त्यात काढून तो घरी यायचा, अंघोळ करायचा आणि गिटार घेऊन बसायचा. ओमप्रकाश नावाच्या एका गायकाची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. गणपती, नवरात्र, लग्नाचा मोसम, सगळीकडे तिची मागणी असायची. त्या पार्टीत गिटार विजयकुमारची. कलकत्त्याच्या एका कारागिराकडून त्यानं हा व्हॉल्व्हचा अँप बनवून घेतला होता आणि तिकडून येताना अख्ख्या प्रवासात तो मांडीवर ठेवला होता, असं तो सांगायचा. अँप हा शब्द कुणी वापरत नसे. सगळे त्याला पेटीच म्हणायचे. पेटीची देखभाल अर्थातच शामरावांकडे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, एका पावसाळ्याच्या शेवटी, पेटीचा आवाज उतरू लागला. विजयकुमारनं ती आणली. शामरावांनी शॉपच्या पद्धतीप्रमाणे सगळं केलं. लाकडी खोक्यातून आतला सांगाडा बाहेर काढला, टेबलावर ठेवला, बाजूला कूलर लावला, कारण घरी एसी नव्हता आणि यंत्र थंड ठेवून तपासायचं हे अंगात मुरलेलं होतं. आकडे जुळले. ओके. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. ओके. तिसऱ्यांदा विजयकुमार आला तो होळीच्या आसपास, पेटी खांद्यावर आणि तोंड उतरलेलं.

"श्याम्या, पुन्हा उतरली बे."

"कोण? पेटी का तू?"

"मजाक नको करू. तिसऱ्या गाण्याले उतरली. म्या बटण वाढवलं, त चौथ्यात एकदम भोंगा. ओमप्रकाश माह्याकडे असा पाहून राहिला होता, जसा काय म्या दारू पिऊन आलो."

शामरावांनी त्या दिवशी दीड तास पेटी चालवली. सांगाडा उघडा, कूलर चालू, आवाज रेघेसारखा सरळ. शेवटी त्यांनी चिठ्ठी लिहिली, आणि हात आपसूकच पुढे गेला. ओके. चेक ऑपरेटर. सही.

विजयकुमारनं चिठ्ठी वाचली आणि तो पोट धरून हसला. "वा रे थंडे बाबू. मले पण नाही सोडलं."

चिठ्ठी त्यानं स्वतःच्या हातानं आतल्या फळीवर चिकटवली. चपला घालताना मात्र तो थांबला. "श्याम्या, मिलमधी माणसाचे कान जाते, त्याले स्वतःले समजते का रे?"

"तुह्या कानाले काय झालं? चाल, चहा पिऊन जा."

तो चहा न पिता गेला. पुढच्या महिन्यात त्यानं कान तपासून घेतले. बारीक आवाज थोडे कमी ऐकू येतात, मिलमधल्या बहुतेकांचं तसंच असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. विजयकुमारला तेवढं पुरे झालं. त्यानं ऑर्केस्ट्रा सोडली. ज्याला स्वतःचाच आवाज धड ऐकू येत नाही त्यानं चारचौघांत वाजवू नये, एवढंच तो म्हणाला. पेटी पलंगाखाली गेली. त्यानंतर तो तेरा वर्षं जगला. दर रविवारी शामरावांकडे यायचा, पत्ते खेळायचा, अन्नपूर्णेच्या हातचे पोहे खायचा. गिटारचा विषय दोघांनीही काढला नाही. शामराव लोकांना सांगायचे, "मिलनं माह्या दोस्ताचे कान खाल्ले." आणि ते त्यांना खरंच वाटायचं. दोन वर्षांपूर्वी विजयकुमार झोपेतच गेला.

या मे महिन्यात, एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, त्याची मुलगी रेणू पेटी घेऊन शामरावांच्या दारात उभी राहिली. रेणू बत्तीसची, जामुलला एका सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. पेटी स्कूटीवर दोन पायांच्या मध्ये ठेवून आणली होती आणि ओढणी घामानं गळ्याला चिकटली होती.

"बिघडली का वो बाई?" शामराव पेटीकडे पाहत म्हणाले.

"नाही काका. पेटी बिघडली नाही. मीच बिघडली वाटते."

अन्नपूर्णेनं पाणी दिलं. रेणूनं एका दमात ते संपवलं.

"पप्पा गेल्यावर मी गिटार शिकायला लागली. यूट्यूबवरून, कुणाला सांगितलं नाही. अर्धा-पाऊण घंटा ठीक असते, फिर आवाज एकदम डिम. मग थोड्या वेळानं वापस. मम्मीला विचारलं तर ती म्हणते तिला काही समजत नाही. पप्पांचं पण असंच झालं होतं ना? इसी से छोड़ा था ना उन्होंने?"

"व्हय," शामराव म्हणाले.

"सहा वर्षं झाली मला लॅबमध्ये. भिंतीपलीकडेच दगड दळणारी मिल आहे, दिवसभर घर्र चालू. बुधवारी कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावला आहे. पण आधी तुम्ही पेटी चेक करून द्या. तुमचं ओके आलं की मग डाऊट नाही राहणार. गिटार पॅक करीन आणि ड्यूटी बदलायचा अर्ज देईन." तिनं पेटीची मागची फळी सरकवली. आत तिन्ही चिठ्ठ्या होत्या, पिवळ्या पडलेल्या, कडा वळलेल्या. "पाहा, चौथीला जागा आहे."

ती हसली. शामरावांना हसता आलं नाही. तिसरी चिठ्ठी त्यांनी पंधरा वर्षांत पाहिली नव्हती.

ती गेल्यावर त्यांनी पेटी टेबलावर घेतली. पण या वेळी त्यांना पद्धतीप्रमाणे काम करणं जमणार नव्हतं. गेल्या हिवाळ्यात त्यांना निमोनिया झाला होता आणि तेव्हापासून कूलरची हवा बंद होती. दुसरं म्हणजे त्यांचे हात आता थरथरायचे. चालू पेटी उघडून आत हात घालायचा असेल तर मी समोर बसल्याशिवाय नाही, अशी अन्नपूर्णेची अट होती, आणि दुपारी तिला चिंच साफ करायची होती. म्हणून ते नुसते ऐकत बसले. सांगाडा खोक्यातच, मागची फळी लावलेली, खिडकीबाहेर रणरणतं ऊन. मोबाइलमधून एकसुरी शिट्टी वाजवून ती त्यांनी वायरनं पेटीत दिली आणि घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

बनियन पाठीला चिकटलं. शिट्टी चालू होती. पंचवीस मिनिटं, तीस मिनिटं. दोन अठ्ठेचाळीसला शिट्टी उतरली.

शामराव जागचे हलले नाहीत. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आपलेही कान गेले. सत्तरी जवळ आली आहे, गेले तर नवल नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून अन्नपूर्णा म्हणाली, "कमी केला का? बरं केलं. डोकं भणभणून राहिलं होतं."

त्यांनी बटणाला हातही लावला नव्हता.

"अवो, काय म्हणाल्या तुमी?"

"म्हटलं, बरं केलं कमी केला त."

पाच-सहा मिनिटांनी शिट्टी पुन्हा चढली. शामरावांनी भिंतीच्या प्लगमध्ये मीटर लावून पाहिला. लाइनचा व्होल्टेज हलत नव्हता. मग ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. "एक काम करा. आवाज कमी झाला की ताटलीवर चमचा मारा. वाढला की पुन्हा मारा. माह्याकडे पाहू नका."

"आता हे काय नवीन? चिंच कोण निवडन?"

"चिंच निवडा. फक्त चमचा हाताशी ठेवा."

पाच वाजेपर्यंत चमचा आठ वेळा वाजला. शामरावांनी कागदावर आठ वेळा वेळ लिहिली होती. चमचा आणि कागद, दोन्ही जुळले. अन्नपूर्णेनं आयुष्यात मिल पाहिली नव्हती. तिचे कान इतके तीक्ष्ण होते की शेजारच्या घरातलं भांडण ती नवऱ्याला शब्दशः सांगायची.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी सांगाडा बाहेर काढला. अन्नपूर्णा खुर्ची घेऊन समोर बसली. "एक हात खिशात," तिनं आठवण केली. चालू यंत्रात एकच हात घालायचा, दुसरा खिशात ठेवायचा, म्हणजे वीज छातीतून जात नाही, हे त्यांनीच तिला कधीकाळी शिकवलं होतं. पुन्हा आकडे घेतले. तिसऱ्या चिठ्ठीवरचे आकडे शेजारी ठेवले. पंधरा वर्षांत एकदोन व्होल्टचा फरक. सगळं तक्त्यात बसणारं.

मग त्यांनी जुना शंभर वॉटचा बल्ब टेबललॅम्पला लावला आणि तो सांगाड्याच्या अगदी जवळ आणला. फळी लावलेल्या पेटीत जी ऊब साठते ती उघड्यावर करायची तर दुसरा उपाय नव्हता. वीस मिनिटांनी शिट्टी उतरली. त्यांनी मीटर पाहिला. एकही आकडा हलला नाही. आवाज निम्म्यावर आला होता आणि मीटर म्हणत होता, सगळं ठीक.

हातात लाटण्याएवढ्या लांबीची बांबूची सुकी काडी होती. तिनं ते एकेका जोडाला हलकेच ढोसत गेले. मागच्या मोठ्या नळ्या, काही नाही. मधल्या, काही नाही. पहिल्या छोट्या व्हॉल्व्हपाशी आले. त्याच्या पायाला एक रेझिस्टर आणि त्याच्या शेजारी एक कंडेन्सर. काडी कंडेन्सरला लागली आणि शिट्टी चढली. काडी काढली, उतरली. लावली, चढली.

हा असा एकच भाग होता जो सुटला तरी मीटरला कळत नाही. विजेचा मुख्य रस्ता रेझिस्टरमधून जातो. कंडेन्सर फक्त आवाजाला जोर देतो. तो सुटला तर व्होल्ट तेच राहतात, फक्त गाणं निम्मं होतं. शामरावांना हे माहीत नव्हतं असं नाही. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होतं. पण छत्तीस वर्षं ज्या यंत्रांवर काम केलं त्यांना गाता येत नव्हतं. त्यांचा आकडा बरोबर आला की ती बरी असायची.

त्यांनी पेटी बंद केली, मोठ्या कंडेन्सरमधली उरलेली वीज काढली आणि भिंग घेऊन वाकले. सोल्डरचा डाख मळकट राखाडी दिसत होता आणि तारेभोवती केसाएवढी गोल चीर होती. तार थंड असतानाच सोल्डर ओघळलं होतं. थंड असताना जोड चिकटून राही, तापला की चीर उघडे. तारेला दीड वेढा घातलेला होता आणि तिच्यावर लाल रंगाची प्लास्टिकची नळी चढवलेली होती. दीड वेढा आणि लाल नळी. शॉपमध्ये असं काम एकच माणूस करायचा.

शामराव भिंग धरून तसेच वाकून राहिले.

"काय झालं?" अन्नपूर्णा म्हणाली. "शॉक लागला का?"

"हे म्या लावलं आहे."

"काय?"

"हा कंडेन्सर. त्या पावसाळ्यात विजू पेटीची वायर जोडायले आला होता. वायर जोडली. मंग म्या म्हटलं, हा कंडेन्सर जुना झाला, जाता जाता नवा टाकून देतो. त्यानं सांगितलंही नव्हतं. चांगला चालून राहिला होता." ते खुर्चीत बसले. "त्याच्यानंतरच उतरायले लागली."

 अन्नपूर्णेनं पदरानं कपाळ पुसलं. "दोन मिनिटांचं काम आहे ना? जोडून टाका. रेणूले सांगा, आत धूळ होती, साफ केली. पोरीचे कान चांगले आहे हे तिले समजलं म्हणजे झालं."

"आन विजूचं?"

"तो त गेला. सांगून काय मिळन? तिच्यासाठी तुमी काका आहे, ते पण जाईन."

शामरावांनी सोल्डरिंगची इस्त्री तापायला लावली. ती तापली. ते तिच्याकडे पाहत बसले आणि मग त्यांनी स्वीच बंद केला. जोड आता दुरुस्त केला तर दाखवायला काही उरणार नाही आणि दाखवायला काही उरलं नाही की आपण बोलणार नाही, एवढं ते स्वतःला ओळखून होते. त्यांनी रेणूला फोन केला. "येऊन जा. डॉक्टरचा नंबर कॅन्सल नको करू, पण येऊन जा."

ती चार वाजता आली. शामरावांनी तिला खुर्चीवर बसवलं, बल्ब लावला, शिट्टी लावली.  वीस मिनिटांनी आवाज उतरला तेव्हा रेणू चटकन म्हणाली, "हे. हेच. तुम्हाला पण ऐकू आलं?"

"मले आलं. काकूले आलं. तुह्या पप्पालेही हेच ऐकू येत होतं." त्यांनी काडी लावून आवाज चढवला, काढून उतरवला. मग सांगितलं. लाल नळी, दीड वेढा, न मागता टाकलेला कंडेन्सर, उघडा सांगाडा, कूलर. मधे थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुढचं बोलणं झालं नसतं. "त्याचे कान थोडे गेले होते, ते डॉक्टर बोलले ते खरं असन. पण आवाज कानामुळं नव्हता उतरत. पेटी उतरून राहिली होती. म्या तीनदा ओके लिहिलं, आन तिसऱ्या बारी..."

"माहीत आहे तिसऱ्या वेळी काय लिहिलं ते." रेणू चिठ्ठीकडे बघत नव्हती, काडीकडे बघत होती. "मम्मी सांगते, पप्पा त्या दिवशी घरी येऊन खूप हसले. तिला पण वाचून दाखवलं. फिर बाथरूम में जाके नल चालू करके बैठ गए. एक घंटा."

 अन्नपूर्णा उठून आत गेली.

"जोड करून देतो," शामराव म्हणाले आणि इस्त्रीकडे हात नेला. 

"तुम्ही नका करू." रेणू रागावून बोलली नाही, तरी शामरावांनी हात मागे घेतला. "तुम्ही सांगा. मी करते."

त्यांनी सांगितलं. जुनं सोल्डर ओढून काढ. तार घासून चकचकीत कर. आधी तार तापव, मग तारेला सोल्डर लाव, इस्त्रीला नाही. घाई करू नको. आता सोड, हलवू नको, थंड होऊ दे. लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीचा हात होता तो, एकदाही हलला नाही. डाख आरशासारखा बसला. लाल नळी तिनं पुन्हा चढवली नाही. ती टेबलावरच पडून राहिली.

सांगाडा खोक्यात घालून, फळी लावून त्यांनी पेटी पुन्हा चालवली. अडतीस मिनिटं झाली, पन्नास झाली, सव्वा तास झाला. पेटीला हात लावला तर चटका बसेल इतकी ती तापली. आवाज उतरला नाही. रेणूनं बरोबर आणलेली गिटार जोडली आणि जे थोडंफार येत होतं ते वाजवलं. चुकत होती, पुन्हा धरत होती. शामराव मान खाली घालून ऐकत होते. पंधरा वर्षांपूर्वी याच खोलीत ही पेटी अशी फळी लावून फक्त एक तास चालवली असती तर!

निघताना ती त्यांच्या पाया पडली नाही. नेहमी पडायची. फक्त म्हणाली, "चिठ्ठ्या मी काढणार नाही काका. असू द्या आत."

"चौथी लिहू का?"

"नको."

आठ दिवसांनी, रविवारच्या सकाळी, ती पुन्हा आली. बसली नाही. एक जाड वही तिनं टेबलावर ठेवली. "पप्पांची प्रोग्रामची डायरी. मम्मीच्या ट्रंकेत होती. मला ती वाचता येते पण समजत नाही. तुम्हाला समजेल." आणि ती गेली.

विजयकुमारचं अक्षर बारीक आणि सरळ होतं. प्रत्येक कार्यक्रमाला एक पान. गाव, तारीख, गाण्यांची यादी. शेवटच्या वर्षीच्या पानांवर काही गाण्यांपुढे खाली जाणारा छोटा बाण काढलेला होता. शामरावांनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून पाहायला सुरुवात केली. गणपतीत बाण सातव्या-आठव्या गाण्यापासून. मध्यंतरात चहासाठी पेटी बंद केली की नंतरची पाच-सहा गाणी कोरी, मग पुन्हा बाण. नवरात्रात तसंच. डिसेंबरात उघड्या मैदानावरचा एक कार्यक्रम होता, सतरा गाणी, एकही बाण नाही. त्या पानावर समासात लिहिलं होतं, 'थंडी लई. बोटं वळत नव्हती.' फेब्रुवारीच्या शेवटी एका लग्नात, मांडव पत्र्याचा, पेटी हॅलोजनच्या तापत्या दिव्याखाली ठेवलेली. बाण तिसऱ्या गाण्यापासून. त्या पानावर 'हॅलोजन' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

पुढचं पान होळीनंतरचं. त्यावर फक्त तारीख होती.

अन्नपूर्णा चहा घेऊन आली तेव्हा शामराव त्या दोन रेघांवर बोट ठेवून बसले होते. तिनं कप ठेवला, वही पाहिली, आणि न विचारताच शेजारी बसली.

"यानं लिहून ठेवलं आहे सगळं," ते म्हणाले. "थंडीत नाही उतरत. हॅलोजनखाली लवकर उतरते. कान काय हॅलोजननं तापते का? माह्या शॉपमधल्या एकानंही इतकं चांगलं लॉग कधी नसन लिहिलं."

"मंग त्याले समजलं असन."

"नसनही समजलं. बाण काढले, रेघा मारल्या, पण मनात कानच बसला असन त..." ते थांबले. पत्त्यांचे तेरा वर्षांचे रविवार होते, पोहे होते, त्याचं हसणं होतं. एकदाही त्यानं या टेबलाकडे पाहून काही म्हटलं नव्हतं. त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली, तेच पान काढलं. चहा निवत होता. दोन रेघा इतक्या दाबून मारल्या होत्या की कागदाच्या मागच्या बाजूला त्या बोटाला लागत होत्या.

तुले समजलं होतं का रे विजू? आन समजलं होतं त, चौथ्या बारी पेटी घेऊन तू माह्याकडे काहून नाही आला?